मदत हवी आहे: सातव्या महिन्यात ब्रा मागवायची आहे, माप कोणतं धरू?

मैत्रिणींनो, मी जळगावची; सध्या दुकानात जाणं जमत नाही. घालून बघायची सोय नाही, ऑनलाइनच मागवावी लागेल. श्वास सोडून, टेप पाठीवर सरळ आडवी धरून घेतलेलं माप असं: छातीखाली ३२ इंच, भरलेल्या भागावर ३७.

अडचण कंपन्यांच्या मापाच्या तक्त्यांची आहे. काही कंपन्या छातीखालचं मापच बँड, म्हणजे घेराच्या पट्ट्याचं माप, धरतात; म्हणजे ३२ डीडी (आकडा बँडचा, अक्षर कपचं). काही त्यात ४ इंच मिळवतात, म्हणजे ३६ ए. माझ्या मते ३६ ए चा पट्टा पाठीवर वर चढेल, कप कमी पडेल आणि सगळा भार खांद्यांवर येईल. तुम्हाला कोणत्या तक्त्याची नीट बसली?

आत्ता बरगड्या फाकलेल्या असतात, बाळंतपणानंतर घेर उतरतो. म्हणून सगळ्यात सैल हुकावर बसणारीच घ्यायची आहे, पुढे आवळता येईल. पण दूध उतरल्यावर कप भरतो, त्यासाठी किती जागा ठेवावी? हुक एक्स्टेंडर (मागे जोडायची जादा हुकांची पट्टी) नको; त्याने पट्टा वाढतो, कप तेवढाच राहतो.

सुती, बिनवायरची, खांद्यावर रुंद पट्ट्यांची हवी. खान्देशातल्या या उन्हात पॉलिएस्टरने स्तनांखाली घामोळ्या उठतात. माप चुकल्यास बदलून देणारं आणि इकडे पार्सल पोहोचवणारं कोणी माहीत असेल तर नक्की सांगा.