प्रोफोंदो रोस्सो: मूळ एलपी शोधू की रीइश्यू घेऊ?

फोंडेकर
नमस्कार मंडळी. दिग्दर्शक दारिओ अर्जेंतोच्या जुन्या इटालियन थ्रिलरांचं संगीत एलपीवर जमवायचंय. ‘प्रोफोंदो रोस्सो’ची १९७५ ची चिनेवॉक्स कंपनीची मूळ प्रत मागवायची तर खिसा रिकामा होतो. रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेल्या प्रती, काळ्या, लाल, चित्र छापलेल्या, कितीतरी तऱ्हांच्या. कुठली घेऊ? आणि फोंड्याच्या पावसात टिकणार का?

म्हापशेचो_काका
मूळ प्रतीमागे कशाला लागताय? ती एलपी इटलीत तेव्हा तुफान खपली, त्यामुळे दुर्मीळ म्हणावी अशी नाहीच. शिवाय तिच्यावर सातच तुकडे. संगीताची सुरुवात जॉर्जो गास्लिनीने केली, अर्जेंतोशी त्याचं बिनसलं आणि पुढचं काम गॉब्लिन या तरुण बँडकडे गेलं. दोघांच्याही रचना तिच्यात आहेत, पण पडद्यावर वाजतं ते सगळं नाही. नंतरच्या वाढीव आवृत्त्यांत ते मिळतं. तेव्हा आवरणावर ‘मूळ मास्टर टेपवरून’ (म्हणजे पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या टेपवरून) असं छापलंय का आणि तुकडे किती, एवढं बघा. रंग शेवटी.

खरा पैसा घालावा तो ज्यांची त्या काळी एलपीच निघाली नाही, अशा चित्रपटांवर. तिथे रीइश्यू हीच पहिली आवृत्ती! आणि संगीतकार मोरिकोने सोडू नका. अर्जेंतोचा १९७० चा पहिला चित्रपट घ्या: एद्दा देल्लोर्सोचा शब्दांवाचून गाणारा गळा, वाद्यवृंद ब्रूनो निकोलाईच्या हाती. अंगाईसारखं सुरू होतं आणि मध्येच एखादा बेसूर तुकडा असा घुसतो की खुर्चीत सावरून बसावं लागतं. रात्री वीज गेलेली असताना आठवून बघा.

सासष्टीकार
काका, रंगीत तबकडी वाईट वाजते म्हणतात ना?

म्हापशेचो_काका
बाब, सरसकट नाही. चांगल्या कारखान्यातली लाल तबकडीसुद्धा नीट वाजते. चित्राची मात्र भिंतीवर टांगा. तिच्यात कागदावर विनाइलचा पातळ थर असतो, खरखर ऐकू येतेच.

पावसाचं म्हणाल तर तबकडीला सहसा फारसं काही होत नाही, बुरशी धरते ती मुख्यतः पुठ्ठ्याच्या आवरणाला. वरचं घट्ट प्लास्टिक फाडून टाका, आत ओल कोंडते. आतला कागद बदलून पॉलिथीनची पिशवी घाला. एलपी उभ्या ठेवा, भिंतीला चिकटवून नको. सिलिका जेल ठेवलं तर मधूनमधून तापवून सुकवा, नाहीतर ते नावापुरतंच.

घरात केसरबाईंच्या वगैरे ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोलचं क्लीनर लावू नका. त्या लाखेच्या असतात, आणि अल्कोहोलने लाख विरघळते. विनाइलचं औषध त्यांना चालत नाही.

फोंडेकर
आहेत, आजीच्या. वेळेत सांगितलंत! मग आधी मोरिकोने, काळी प्रत. गॉब्लिन चतुर्थीनंतर.