ब्लूज हाच तर पाया आहे

'ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम म्हणजे नुसती भीती नि सैतान, त्यात ब्लूज कुठे?' असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. अहो, या रॉक बँडमधली ही इंग्लंडच्या बर्मिंगहॅमची चार पोरं मुळात ब्लूजच, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुखरं संगीतच वाजवायची. बँडचं सुरुवातीचं नावच 'पोल्का टल्क ब्लूज बँड' होतं! याच अल्बममधलं 'द विझर्ड' पुन्हा लावा. सुरुवातीलाच गायक ऑझी ऑस्बॉर्नचा माउथ ऑर्गन येतो, तो अस्सल ब्लूज. 'वॉर्निंग' तर दुसऱ्या एका ब्लूज बँडचंच गाणं, यांनी दहा मिनिटांवर ताणलेलं.

मग अंधार येतो कुठून? शीर्षकगीत ऐका. पाऊस, घंटा, आणि मग तीनच स्वर. षड्ज, वरचा षड्ज, आणि तिथून खाली तीव्र मध्यमावर. पंचमाचा आधार मिळेल असं वाटत असताना गिटार तीव्र मध्यमावरच थरथरत राहते. मला आजही तिथे काटा येतो.

आणि ही गिटार वाजवणाऱ्या टोनी आयोमीच्या बोटांबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, हलक्या तारा चढवल्या आणि वाजवत राहिला.

जवळजवळ सगळा अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात रेकॉर्ड झालाय, १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, बाजारात आला. हेडफोन लावून बँडमधल्या गीझर बटलरची बास गिटार, म्हणजे खर्जातली गिटार, तेवढी ऐका एकदा.