मदत हवी आहे: भावाची गोळी चालू असताना ध्यानाच्या गटात बसवू का?

चोपडेकर: लहान भावाला गोळ्यांचं व्यसन लागलं होतं. ते सुटावं म्हणून डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली, आता बरा आहे. डॉक्टर म्हणतात, जळगावला दर शनिवारी माइंडफुलनेसचा (सजग ध्यानाचा) गट चालतो, त्यात बसवा. वडील म्हणतात, आधी जिभेखालची गोळी बंद करा, मग काय ध्यानबिन करायचं ते करा. लवकर सांगा, शनिवार तोंडावर आला.

तापीकाठ: कसल्या गोळ्या? झोपेच्या? वय काय?

चोपडेकर: ट्रॅमाडॉल, दुखण्यावरची. आग्रा रोडला ट्रक चालवायचा, कंबर धरली म्हणून सुरू झाल्या.

केळीवाला_रावेर: भो, सरळ इगतपुरीला १० दिवस विपश्यनेला धाडा. माझी दारू तिथंच सुटली. ना गोळी ना डॉक्टर.

धुळ्याची_सिस्टर: केळीवाले, दारूचा हिशेब इथे लावू नका. चोपडेकर, जिभेखालची म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनच ना? ती एकदम तोडली तर अंग मोडून येतं, जुलाब लागतात, रात्रभर पाय झाडतो माणूस. डोळे मिटून काय बसणार? आणि मध्ये खंड पडून पुन्हा जुन्या मापाने ट्रॅमाडॉल घेतली तर जिवावर बेततं, शरीराची सवय उतरलेली असते. गट गोळीच्या जोडीला असतो, बदल्यात नाही.

केळीवाला_रावेर: अमेरिकेत सिएटलच्या जेलमध्येसुद्धा कैद्यांना विपश्यना दिली होती, त्यावर अभ्यास झालाय. वाचा जरा.

धुळ्याची_सिस्टर: वाचलंय. तो अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांच्याच चमूने पुढे व्यसनासाठी माइंडफुलनेसचा ८ आठवड्यांचा गट बसवला, आठवड्याला एक बैठक. तल्लफ आली की दाबायची नाही, तिच्यामागे पळायचंही नाही. ती छातीत आहे की जबड्यात, ते बघत राहायचं. चढते, मग ओसरते.

सातपुडा७७: ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएसखाली, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. मेडिकलवाल्याची तक्रार केली का?

चोपडेकर: ते विचारलं का मी?

तापीकाठ: भाऊ स्वतः काय म्हणतो?

चोपडेकर: तो म्हणतो गटात गावाकडचं कोणी भेटलं तर? त्याचं लग्न जमतंय. म्हणून तर वडिलांना गोळी बंद हवी.

तापीकाठ: अरे, हे आधी सांगायचं ना!

धुळ्याची_सिस्टर: मग शनिवारी वडिलांनाही न्या, डॉक्टरांसमोर बसवा. आणि भावाला सकाळची गोळी घेऊनच बाहेर काढा. कमी कधी करायची ते डॉक्टर ठरवतील, लग्नाची तारीख नाही. अडलं तर १४४४६ ला फोन करा, व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, फुकट आहे.

केळीवाला_रावेर: मुलगी कुठली?