भरीस घालणे, फूस लावणे की भिडेस पडणे?

प्रश्न : वॉल्टर डीन मायर्स यांच्या ‘स्कॉर्पियन्स’ (१९८८) या कुमारवयीन वाचकांसाठीच्या कादंबरीचा परिचय मी लिहीत आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारा जमाल हिक्स १२ वर्षांचा आहे, आणि थोरला भाऊ रँडी तुरुंगात असल्यामुळे त्याच्या टोळीचे म्होरकेपण जमालकडे येऊ घातले आहे. ‘जमालवर दबाव आणला जातो’ हे वाक्य मला वर्तमानपत्री वाटते. त्याऐवजी ‘त्याला फूस लावली जाते’ असे लिहिता येईल काय?

पहिले उत्तर : ‘फूस’ नको. फूस लावणारा आपला हेतू लपवून आमिष दाखवतो. ‘फूस लावून पळवून नेले’ हा बातम्यांतला ठरीव प्रयोग त्याच अर्थाने येतो. जमालपासून येथे कोणी फारसे काही लपवलेले नाही. ‘भरीस घालणे’ हा प्रयोग अधिक जवळचा आहे, कारण नको असलेल्या गोष्टीला वारंवार बोलून माणसाला तयार करणे हा त्याचा अर्थ, आणि रँडीचा साथीदार मॅक नेमके तेच करतो.

दुसरे उत्तर : मॅकपुरते ते मान्य आहे, परंतु त्याच्या बोलण्यात जोर कोठून येतो हे ‘भरीस घालणे’ सांगत नाही. तो निरोप घेऊन येतो तो रँडीचा. रँडीच्या अपिलासाठी वकिलाला द्यावयाच्या पैशांच्या चिंतेत आई बुडालेली आहे, आणि ते पैसे टोळीच्या धंद्यातून उभे राहतील असे जमालला सांगितले जाते. नकार द्यावयाचा झाला तर तो मॅकला नव्हे, भावाला आणि एका परीने आईलाही द्यावा लागेल. या अडचणीला मराठीत ‘भीड’ म्हणतात. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपण उसनवारीच्या आणि जामीन राहण्याच्या प्रसंगी वापरतो, पण आपल्याच माणसाची भीड मोडवत नाही म्हणून नको त्या कामात शिरणारा मुलगाही तिच्या कक्षेत येतो.

‘धाक’ हा शब्द मात्र राखून ठेवावा. एका लहान मुलाने आपल्यावर हुकूम चालवावा हे टोळीतल्या इंडियन आणि ब्लड या मुलांना पटत नाही, आणि त्यांचा जमालला वाटतो तो धाक. मॅकने दिलेले पिस्तूल हाती आल्यावर शब्द पुन्हा बदलावा लागतो. शाळेत छळणारा ड्वेन ते पाहून घाबरतो, आणि मित्र टिटो ते टाकून दे म्हणत असतानाही जमालला ते टाकवत नाही. येथे भीड संपून मोह सुरू होतो. परिचयात हे दोन टप्पे एकाच ‘दबावा’खाली झाकू नयेत.

(‘टोळी’ऐवजी ‘गँग’ लिहावे काय, असेही कोणी विचारील. ऊसतोड मजुरांचीही टोळीच असते, त्यामुळे शब्द मुळात गुन्हेगारीचा नाही हे खरे. परंतु संदर्भ स्पष्ट असता ‘टोळी’ पुरेशी आहे.)

आपले वाक्य मी असे लिहीन : ‘मॅक त्याला भरीस घालत राहतो, आणि भावाची भीड न मोडवल्याने जमाल टोळीचा म्होरक्या होण्यास तयार होतो.’