बॅटलस्टार गॅलॅक्टिकाचा शेवट कुणाला पटलाय का?

निशाचर:
२००४ ते २००९ची अंतराळातली मालिका परत बघून संपवली. पहिलाच भाग '३३' घ्या. उरल्यासुरल्या माणसांच्या यानांमागे लागलेले यंत्रमानव, म्हणजे सायलॉन, दर ३३ मिनिटांनी हजर, कुणाला झोप नाही, सगळ्यांचे डोळे तारवटलेले. काय लिहिलंय राव! नामावलीतच जिवंत उरलेल्या माणसांचा आकडा येतो, सुरुवातीला पन्नास हजारांच्या आसपास, आणि मग घसरत जातो. मी आधी तोच बघायचो. आणि शेवटी काय? वैमानिक स्टारबक बोलता बोलता गायब! म्हणे देवाची करणी.

कावेरी:
अहो, देव पहिल्यापासूनच होता की. शास्त्रज्ञ बाल्टरला एकट्यालाच दिसणारी, त्याच्या डोक्यातली सायलॉन बाई सिक्स आणखी कशाबद्दल बोलत असते?

निशाचर:
बरं, स्टारबक सोडली. पण यानांचा अख्खा ताफा सूर्यात ढकलायचा? पाणी, इंधन, निवडणुका, चार सीझन नुसती भांडणं. राष्ट्राध्यक्ष रॉझलिनसारखी बाई मतांत घोळ घालायला निघाली होती. आणि औषधं-यंत्रं सोडून रानात राहायला मात्र सगळे एका दमात तयार? विरोधी पक्ष कुठे गेला?

अर्धवट_यंत्रमानव:
ताफ्याबद्दल १०० टक्के सहमत. तरी बाल्टर 'मला शेतीतलं कळतं' म्हणतो आणि रडू लागतो, तेवढ्यासाठी मी सगळं माफ केलं.

निशाचर:
तिथे मीही गारद. बरं, यातलाच 'रेझर' हा चित्रपट राहिलाय, कधी बघायचा होता?

कावेरी:
तिसऱ्या सीझननंतर. 'द प्लॅन' हा दुसरा चित्रपट मात्र आता बघा, सगळं संपल्यावरच.