एक्साफ्सचं फिटिंग जुळलं म्हणजे अणूचा पत्ता सापडला का?

स्फटिकवेडा: झिओलाइटमध्ये (सिलिकॉन-ऑक्सिजनच्या, बऱ्याचदा ॲल्युमिनियमही असलेल्या सच्छिद्र स्फटिकात) तांबं, लोह, टायटॅनियम नेमकं कुठे बसलंय, हे हल्ली एक्साफ्सच्या, म्हणजे एक्स-रे शोषणातून अणूचे शेजारी शोधणाऱ्या पद्धतीच्या, एका आलेखाला मॉडेल जुळवून बिनदिक्कत ठरवतात. मला पटत नाही. एक्साफ्स म्हणजे नमुन्यातल्या त्या धातूच्या सगळ्या अणूंची सरासरी. निम्मे अणू एकटे आणि निम्मे जोडीने असले, तर हाती खिचडी येते. पहिल्या ऑक्सिजनचं अंतर ०.०२ अँगस्ट्रॉमपर्यंत मिळतं, कबूल. पण शेजारी किती, हा आकडा १०-२० टक्के सहज इकडेतिकडे होतो. त्यापलीकडचा शेजारी सिलिकॉन की ॲल्युमिनियम, हे तर कळतच नाही; आवर्तसारणीत दोघं लगतचे, एक्साफ्सला सारखेच दिसतात. मग ‘तांबं सहाच्या कड्यात’ (चौकटीतल्या अमुकच जागी) असं छातीठोकपणे कसं लिहायचं?

रंध्रिका: एकट्या एक्साफ्सवर थांबतं कोण? टीएस-१, म्हणजे टायटॅनियम बसवलेला झिओलाइट घ्या. ४९७० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ठसठशीत प्री-एज शिखर (शोषणाच्या मुख्य चढाआधीचं, चार ऑक्सिजनमध्ये बसल्याची खूण), अतिनीलमध्ये २१० नॅनोमीटरजवळ पट्टा आणि ३३० जवळ काही नाही, म्हणजे वेगळा पडलेला अ‍ॅनाटेज (टायटॅनियम डायऑक्साइड) नाही. टायटॅनियम चौकटीतच आहे, आणखी काय हवं?

स्फटिकवेडा: नमुना वाळवून मोजलात म्हणून ते शिखर एवढं उंच! पाणी लागू द्या, टायटॅनियम पाण्याचे रेणू धरतं आणि शिखर खाली येतं. शिवाय ‘चतुष्फलकी’ (चार ऑक्सिजनच्या मधोमध) ही झाली भूमिती, जागा नव्हे. त्या चौकटीत टी-जागा (सिलिकॉन किंवा त्याच्या बदली टायटॅनियम बसतं त्या) १२ प्रकारच्या. न्यूट्रॉन विवर्तनवाल्या गटांच्या पसंतीच्या जागाही एकमेकांशी पूर्ण जुळल्या नाहीत. बरं, टीएस-१ चं पेटंट १९८३ च्या सुमाराचं. तेव्हापासून ‘सुटे अणू’ हेच पाठ झालेलं. २०२० मध्ये ऑक्सिजन-१७ एनएमआरच्या (अणुकेंद्रकांच्या चुंबकीय मापनाच्या) आधारे क्रियाशील जागेत टायटॅनियमची जोडी असल्याचं मांडलं गेलं. इतकी वर्षं एक्साफ्स काय करत होतं?

भट्टीवाला: तुम्ही दोघं अणू जागचा हलत नाही असं धरून भांडताय. डिझेलच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड काढणारं तांब्याचं एसएसझेड-१३ (हाही झिओलाइटच) बघा. कमी तापमानाला अमोनिया तांब्याला चौकटीपासून सोडवतो, दोन अमोनियांसह ते सुमारे ३.८ अँगस्ट्रॉमच्या खिडकीतून पलीकडे सरकतं आणि दुसऱ्या तांब्याशी जोडी जमवून ऑक्सिजन पकडतं. कोरड्या हेलियममध्ये शोधलेल्या पत्त्यावर तेव्हा कुणीच नसतं.

रंध्रिका: मग ते चालू अवस्थेत बघणार कशाने? ईपीआरला (अयुग्मित इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या पद्धतीला) एकसंयोजी तांबं दिसतच नाही, अयुग्मित इलेक्ट्रॉनच नाही ना. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या झोताने झिओलाइटच ढासळतो. विवर्तन नीट रांगेत असलेलंच मोजतं. वायू वाहतोय, नमुना २०० अंशांवर आहे, तरी एक्स-रे शोषण चालतं. सरासरी तर सरासरी!

स्फटिकवेडा: चालेल. पण मग जुळलेल्या एका मॉडेलसोबत, तपासून टाकून दिलेली मॉडेलंही छापा. जोडीचं मॉडेल तितकंच चांगलं बसत होतं का, हे वाचणाऱ्याला दिसू दे.

भट्टीवाला: आणि मोजताना कोणता वायू होता, तेही. निम्म्या लेखांत ते पुरवणीत पुरलेलं असतं.