मदत हवी आहे: टेस्ट कधी पास, कधी फेल

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा, मांडवीजवळ राहतो आणि घरूनच सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो. प्लेराइटमधल्या (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणारं टूल) आमच्या टेस्ट लॅपटॉपवर एकेक करून चालवल्या की बिनबोभाट पास होतात. सर्व्हरवर ४ वर्कर (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या वेगवेगळ्या प्रोसेस) लावले की मधूनच एखादी पडते.

एक चूक सापडली. आधी क्लिक आणि मग वेबसाइटच्या रिस्पॉन्सची (उत्तराची) वाट, असं लिहिलं होतं. रिस्पॉन्स तेवढ्यात येऊन जायचा आणि टेस्ट ३० सेकंद ताटकळायची. वाट बघणं क्लिकच्या आधी सुरू केलं, तेव्हा ते सुटलं.

आता अडलंय ते असं: सगळे वर्कर एकाच युजरने लॉगिन करतात. एकाने कार्ट रिकामी केली की दुसऱ्याची टेस्ट कोसळते. प्रत्येक वर्करला वेगळा युजर द्यावा की प्रत्येक टेस्टमध्ये नवा बनवावा? कोणी केलंय का? स्लीप (ठरावीक वेळ नुसतं थांबणं) किंवा रिट्राय (पडलेली टेस्ट पुन्हा चालवणं) नको, त्याने दुखणं फक्त झाकलं जातं.